परदेशी दहशतवादी संघटनेत गेलेल्याचं नागरिकत्व, पासपोर्ट आणि घरच्यांचे अर्ज

अशी वेळ कोणाच्या घरावर येऊ नये. पण आली की घरचे आधी स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र करतात आणि ‘मुलाशी आमचा संबंध नाही’ अशी जाहीर नोटीस पेपरात देतात. त्याने नागरिकत्वावर काडीचाही फरक पडत नाही.

नागरिकत्व कायदा 1955 च्या कलम 10 खाली सरकार जन्माने भारतीय असलेल्याचं नागरिकत्व काढू शकत नाही. कलम 9 ने नागरिकत्व संपतं ते दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतल्यावर, आणि दहशतवादी संघटना म्हणजे देश नव्हे. तो भारतीयच राहतो, म्हणून यूएपीए (बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा) त्याला परदेशातही लागू होतो. सदस्यत्वाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. 2014 साली कल्याणहून इराकला गेलेल्या चौघांपैकी एक परतला, त्याला एनआयएने (राष्ट्रीय तपास संस्थेने) अटक केली.

पासपोर्ट मात्र जप्त किंवा रद्द होतो. इथे सगळे अडकतात ते मुदतीत. अपील 30 दिवसांत, आणि मोजणी आदेश कळवल्यापासून. सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीकडची कुटुंबं गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी परराज्यात, पासपोर्टवर पत्ता गावचा, आदेशाचं पत्र ‘घर बंद’ शेरा मारून परत. तो शेरा असलेला लिफाफा पाठवणाऱ्या कार्यालयाकडे परत जातो, त्याची नक्कल तिथून मागा. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर अपील घेता येतं. आदेशाची कारणं लेखी मागा, मागितल्याशिवाय कोणी देत नाही. देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन ती नाकारताही येतात, हे मनाशी धरून चला. आदेश थेट केंद्र सरकारचा असेल तर अपीलच नाही, उच्च न्यायालयात जावं लागतं.

तिकडे जन्मलेल्या नातवंडाची नोंदणी भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत हवी. नंतर केंद्राची परवानगी लागते. युद्धाच्या छावणीतल्या बाळाचा जन्मदाखला आणायचा कुठून, याचा विचार फॉर्म करणाऱ्याने केलेला दिसत नाही. म्हणून तिकडे गेलेल्या तुमच्या मुलाचा जुना पासपोर्ट, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, लग्नाचा पुरावा, जे असेल ते आधीच एकत्र करा.

परत आणण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाला लेखी निवेदन द्या, पोच घ्या. केरळच्या एका वडिलांच्या अशाच निवेदनावर आठ आठवड्यांत निर्णय घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये केंद्राला सांगितलं होतं.

कळकळीने सांगतो, तिकडे गेलेल्या मुलाला पैसे पाठवू नका. आणि परत आला तर घरात लपवू नका. आसरा देण्याच्या गुन्ह्यातून कायद्याने सूट दिली आहे ती फक्त नवरा-बायकोला, आईबापांना नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिलांना आणि कोठडीत असलेल्यांना तिथे उत्पन्नाचा दाखला लागत नाही.