घरी घासलेली हेडलाईट पुन्हा पिवळी का पडते?

कुडाळ परिसरातून आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून पिवळ्या पडलेल्या हेडलाईटच्या ज्या गाड्या आमच्या वर्कशॉपमध्ये येतात, त्यांतील पुष्कळ गाड्यांच्या लाईट मालकाने अगोदर एकदा घरी घासलेल्या असतात. गणपतीला घासल्या तेव्हा नव्यासारख्या दिसल्या आणि शिमग्यापर्यंत पूर्वीपेक्षा अधिक पिवळ्या झाल्या, ही हकीकत आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की तिचे उत्तर एकदा नीट लिहून ग्राहकांच्या हाती द्यावे असे आम्हांला वाटले. हे काम घरी होऊ शकते आणि ते घरी करणाऱ्यांना आम्ही कधीही परावृत्त करत नाही. मात्र त्यात एक टप्पा असा आहे की तो सुटला तर आधीची सगळी मेहनत वाया जाते.

आपण जिला हेडलाईटची काच म्हणतो ती आजच्या गाड्यांत काच नसते. ॲम्बॅसेडरच्या आणि जुन्या जीपच्या काळात ती खरी काच होती, त्यामुळे ती पिवळी पडत नसे. तशी लाईट असलेली गाडी अजून कोणाकडे असेल तर तिला घासायचा पेपर मुळीच लावू नये. आताची लाईट पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते. हे प्लास्टिक सहजी फुटत नाही, पण उन्हातील अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर केसापेक्षाही कितीतरी पातळ असा कठीण, पारदर्शक थर दिलेला असतो. काही वर्षे ऊन खाऊन हा थर जागोजागी झिजतो, तडकतो, आणि उघड्या पडलेल्या प्लास्टिकचा रंग बदलू लागतो. खाऱ्या वाऱ्याने लाईट पिवळी पडते असे किनाऱ्यावरचे बरेच ग्राहक सांगतात, परंतु खारा वारा पत्रा गंजवतो, पिवळेपणा मात्र उन्हाचा असतो. ज्यांची गाडी रोज खळ्यात एकाच तोंडाने उभी असते त्यांनी दोन्ही लाईट शेजारी पाहाव्यात. दुपारनंतरच्या उन्हाकडची बाजू बहुधा जास्त पिवळी असते, आणि खारा वारा तर दोन्ही बाजूंना सारखाच लागलेला असतो. खाऱ्या वाऱ्यापेक्षा आपल्याकडची जांभ्याची लाल धूळ लाईटचे नुकसान अधिक करते, कारण ती कोरड्या फडक्याने पुसली की थरावर बारीक ओरखडे उमटत जातात.

आता ती चूक. टूथपेस्टने, रबिंग कंपाउंडने किंवा पेपरने लाईट घासली की पिवळा भाग निघतो आणि लाईट चमकते. चमक दिसली की काम झाले असे समजून गाडी रस्त्यावर काढली जाते. वास्तविक घासताना पिवळ्या भागाबरोबर कारखान्याचा उरलासुरला थरही निघालेला असतो आणि खालचे प्लास्टिक पूर्ण उघडे असते. ते उन्हाला पहिल्यापेक्षा लवकर बळी पडते, म्हणून पिवळेपणा काही महिन्यांतच परततो. त्यावर पुन्हा टूथपेस्ट लावली की तेच चक्र पुन्हा सुरू होते. घासणे हे या कामाचे पहिले अर्धे आहे. दुसरे अर्धे म्हणजे त्याच दिवशी नवे यूव्ही कोटिंग, म्हणजे अतिनील किरण अडवणारा थर, देणे. ज्यांना कोटिंग करायचे नसेल त्यांनी लाईट घासूच नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

याहून वाईट प्रकार द्रावकांचा, म्हणजे प्लास्टिक विरघळवणाऱ्या पदार्थांचा, आहे. डास पळवणारे मलम किंवा स्प्रे लावला की लाईट क्षणात साफ होते असे कोणीतरी कोणाला दाखवते आणि तो उपाय गावभर होतो. त्या मलमातील औषध प्लास्टिकचा वरचा पापुद्रा विरघळवते, म्हणून लाईट साफ झाल्यासारखी दिसते. थिनर, पेट्रोल आणि नेलपॉलिश काढण्याचे द्रव यांनी तर प्लास्टिकच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. त्या कोणत्याही पेपरने निघत नाहीत आणि अशा लाईटला बदलण्यावाचून उपाय राहत नाही. एका ग्राहकाने देवगडहून आंबा वाशीला नेणाऱ्या पिकअपच्या दोन्ही लाईट थिनरने पुसून आणल्या होत्या, आणि ऐन हंगामात आम्हांला त्यांना नव्या लाईटचा खर्च सांगावा लागला. तो सांगताना आम्हांलाही वाईट वाटले.

घरी करायचे असेल तर सावलीत, लाईट थंड असताना करावे. प्रथम गाडीच्या शाम्पूने आणि भरपूर पाण्याने धूळ काढावी, कारण जांभ्याचा एक कण पेपराखाली राहिला तरी खोल ओरखडा जातो. भोवतालच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन पदर लावावेत. बॉनेटची कड लोक विसरतात. लाईट फार पिवळी असेल तर ८०० नंबरच्या वॉटर पेपरने (ओला करून घासायच्या पेपरने; नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) सुरुवात करावी, थोडीच धुरकट असेल तर १५०० ने भागते. पेपर आणि लाईट दोन्ही सतत ओले ठेवावे. घासताना प्रथम पिवळसर पाणी उतरते. ते पांढरे दुधाळ येऊ लागले आणि सगळीकडे सारखी मळकट कांती आली की जुना थर निघाला असे समजावे. कडेला आणि कोपऱ्यात जुन्या थराचा तुकडा राहिला तर नव्या कोटिंगखाली तो कायमचा दिसत राहतो, म्हणून घाई न करता तेवढा भाग पुन्हा घासावा. त्यानंतर पुढचे पेपर, म्हणजे ८०० ने सुरुवात केली असेल तर १०००, १५०० आणि २०००, असे क्रमाने घ्यावेत आणि प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलावी. पहिला पेपर आडवा फिरवला असेल तर दुसरा उभा, म्हणजे मागचे ओरखडे गेले की नाही ते दिसते. एक नंबर गाळून वेळ वाचवणाऱ्यांचे ओरखडे रात्री समोरच्या गाडीच्या उजेडात स्पष्ट दिसतात.

२००० नंबरनंतर लाईट दुधाळ काचेसारखी दिसते आणि इथे अनेकांचा धीर सुटतो. लाईट बिघडली असे वाटून ते पॉलिश लावतात. पॉलिशमधील तेल आणि मेण राहिले तर कोटिंग धरत नाही आणि पुढे सालीसारखे सुटते. अशा वेळी लाईटवर फक्त पाणी मारून पाहावे. ओली असताना ती आरपार स्वच्छ दिसत असेल तर कोटिंगनंतरही तशीच दिसेल. ओली असतानाही रेघा दिसत असतील तर मागच्या नंबरवर परत जावे.

मग लाईट पूर्ण वाळवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, बोट लावू नये, आणि कोटिंगचे दोन पातळ हात द्यावेत. दोन हातांमधील वेळ डबीवर लिहिलेला असतो. जाड एक हात दिला की ओघळ येतात. घरगुती कामासाठी फडक्याने लावायचे कोटिंगच घ्यावे. हार्डनर (थर कडक करणारे रसायन) मिसळून फवारायचे टू-के क्लिअर नावाचे पारदर्शक कोटिंग अधिक टिकते, पण त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास घातक असते आणि साध्या कापडी मास्कने ते अडत नाही. ते काम योग्य मास्क असलेल्या ठिकाणीच व्हावे.

आपल्या भागात हवामानाचा विचार केल्याशिवाय हे काम करता येत नाही. दमट हवेत कोटिंग दुधाळ होते किंवा नीट धरत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही हे काम साधारणपणे घेत नाही आणि थंडीतही दव पडण्याआधी, दुपारपर्यंत कोटिंग संपवून गाडी रात्रभर आत ठेवतो. चाकरमानी मंडळी गणपतीच्या आदल्या आठवड्यात आंबोलीच्या किंवा फोंड्याच्या घाटात दिसत नाही म्हणून गाडी आणतात आणि दोन तासांत करून मागतात. त्यांची अडचण खरी आहे, घाटात धुके असते हेही आम्ही जाणतो. पण भर पावसात दिलेले कोटिंग टिकणार नाही हे माहीत असताना त्याचे पैसे घेणे आम्हांला योग्य वाटत नाही. अशा वेळी आम्ही लाईट स्वच्छ धुऊन, तिचा झोत तपासून देतो आणि दिवाळीनंतरची तारीख लिहून ठेवतो.

लाईटच्या आत पाणी किंवा वाफ दिसत असेल तर बाहेरून घासून काही होत नाही. मागचे रबरी झाकण, सील किंवा हवा जाण्याची नळी तपासावी लागते. आतला रिफ्लेक्टर काळवंडला असेल तरीही तेच. उजेड कमी पडतो म्हणून जास्त वॅटचा बल्ब बसवणे हाही उपाय नव्हे. धुरकट लाईटमधून तो उजेड फाकतो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो आणि आतील उष्णतेने प्लास्टिक व होल्डर दोन्ही खराब होतात.

आमच्याकडे चारही नंबरचे पेपर, मास्किंग टेप आणि फडक्याने लावायचे कोटिंग असा दोन लाईटपुरता संच मिळतो. नेताना गाडी दाखवली तर कोणत्या नंबरपासून सुरुवात करायची ते सांगतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. काम आमच्याकडूनच करून घ्यायचे असेल तर गाडी सकाळी दहाच्या आत आणावी आणि दुसऱ्या दिवशी न्यावी. लाईटवर यापूर्वी टूथपेस्ट, मलम, खोबरेल, टायरचे पॉलिश यांपैकी जे काही लावले असेल ते संकोच न करता सांगावे, कारण तेल किंवा सिलिकॉन असेल तर आम्हांला धुण्याची पद्धत बदलावी लागते. काम झाल्यावर पहिले चोवीस तास लाईटला पाणी लावू नये, आठवडाभर शाम्पू टाळावा, आणि पुढे धूळ नेहमी पाणी ओतूनच काढावी.