श्रावणातला तिसरा दिवस

गटारी उलटली की आमच्याकडे कितीतरी जण महिनाभर दारूला शिवत नाहीत. चांगलीच गोष्ट आहे. पण सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतो म्हणून ज्याला घोट घ्यावा लागतो, त्याने डॉक्टरांना न विचारता एका रात्रीत दारू तोडणं जिवावर बेतू शकतं, हे फार थोड्या घरांना माहीत असतं. 'दारू सोडून कुणी मेलंय का?' हे वाक्य मी आजही पंगतीत ऐकतो आणि अस्वस्थ होतो.

लहानपणी आमच्या चाळीतल्या एका काकांनी असाच श्रावण धरला. पहिल्या संध्याकाळी बशीतला निम्मा चहा बनियनवर सांडला. दुसऱ्या रात्री फिट आली. तिसऱ्या दिवशी ते चादरीवरून मुंग्या वेचत बसले. चादरीवर एकही मुंगी नव्हती. 'बाहेरचं लागलंय' म्हणून देवऋषी आला, अंगारा लावला, लिंबू उतरवलं. त्यात अख्खी दुपार गेली. खालच्या मजल्यावरच्या नर्सताईंनी टॅक्सी आणवून त्यांना सरकारी हॉस्पिटलात नेलं, म्हणून ते वाचले.

ती बाधा नव्हती. थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरांनी १८१३ मध्येच या अवस्थेला 'डेलिरियम ट्रेमेन्स' हे नाव दिलं होतं. वॉर्डात तिला नुसतं 'डीटी' म्हणतात. ती कशाने होते यावर मात्र पुढे शंभरावर वर्षं वाद चालला. खाण्याची आबाळ, जीवनसत्त्वांची कमतरता, काय काय कारणं सांगितली गेली. अमेरिकेत लेक्सिंग्टनला हॅरिस इस्बेल या संशोधक डॉक्टरांनी दहा जणांना चांगला आहार आणि जीवनसत्त्वं देत भरपूर दारू पाजली. ४८ ते ८७ दिवस प्यायलेल्या सहा जणांची दारू एकदम थांबवल्यावर दोघांना फिट आली, तिघांना डीटी झाला. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, देऊही नये. पण १९५५ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि दोष दारू अचानक तुटण्याचाच आहे, हे स्पष्ट झालं.

असं का होतं? मेंदूतल्या पेशी एकमेकींना दोन तऱ्हेचे निरोप देतात: 'पेट' आणि 'थांब'. 'थांब' सांगणारं मुख्य रसायन गाबा. ते पेशीवरचं एक दार उघडतं, ऋणभारित क्लोराइड आत शिरतं आणि पेशी सहजी पेटत नाही. 'पेट' सांगणारं ग्लुटामेट. त्याच्या एनएमडीए नावाच्या दारातून कॅल्शियम आत येतं. दारू गाबाला जोर देते आणि एनएमडीएचं दार अडवते, म्हणून दोन पेगांत माणूस सैलावतो. रोज पिणाऱ्याच्या मेंदूला तर काम चालू ठेवायचंच असतं. रस्सीखेचीत समोरून दारू ओढतेय म्हटल्यावर तो आपल्या बाजूला गडी वाढवतो: एनएमडीएची दारं वाढवतो, गाबाची बोथट करतो.

हे बोथट करणं मला विलक्षण वाटतं. गाबाचं दार पाच तुकड्यांचं असतं. उंदरांना दीर्घकाळ दारू दिली तर मेंदूच्या काही भागांत अल्फा-१ हा तुकडा कमी होतो आणि अल्फा-४ वाढतो. डायझेपाम हे मेंदू शांत करणारं, दारू तोडताना दिलं जाणारं औषध; अल्फा-४ असलेल्या दारावर त्याची मात्रा चालत नाही. काही रुग्णांना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त औषध का लागतं, याचा एक धागा इथे असावा.

आता दारूने दोरी सोडली, की पलीकडची सगळी फौज उताणी कोसळते, म्हणजे 'पेट'चे निरोप अनावर होतात. सहा-आठ तासांत थरथर आणि घाम, साधारण १२ ते ४८ तासांत फिट, ४८ ते ९६ तासांत डीटी. जुन्या नोंदींत डीटीचे तिनातले एक रुग्ण दगावलेले दिसतात. नीट उपचार झाले तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येतं. उपचार म्हणजे दारूच्या हातातली दोरी डायझेपामसारख्या औषधाच्या हाती द्यायची आणि रोज थोडी थोडी सैल करायची. लिव्हर खराब असेल तर त्याच जातीचं लोराझेपाम. आणखी एक धोका: दर वेळी असं तोडलं आणि पुन्हा धरलं, की पुढचा झटका आधीपेक्षा जोरात येऊ शकतो. दर श्रावणात एकदम सोडणाऱ्याने हे लक्षात घ्यायला हवं.

औषध किती द्यायचं, ते अंदाजाने ठरवायचं नसतं. त्यासाठी दहा लक्षणांची, ६७ गुणांची एक मोजपट्टी आहे. नर्स हात पुढे करून बोटं फाकवायला सांगते. थरथर डोळ्यांना दिसली नाही, पण बोटांच्या टोकांना टोकं लावल्यावर जाणवली, तरी एक गुण. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लक्षणं मोजून औषध दिलेल्यांचे उपचार साधारण ९ तासांत आटोपले. ठरलेल्या वेळांना औषध दिलेल्यांचे ६८ तास चालले.

आपल्याकडे अशक्त माणसाला आधी ग्लुकोजचं सलाईन लावतात. दारुड्याच्या शरीरात थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. ग्लुकोज जाळायला तेच लागतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही खर्च होतं आणि वर्निकेचा विकार उद्भवू शकतो: डोळे फिरत नाहीत, तोल जातो, भान हरपतं, स्मृती कायमची जाऊ शकते. म्हणून थायामिन ग्लुकोजच्या आधी, निदान बरोबर तरी, इंजेक्शनने द्यायचं.

'न सांगता दारू सोडवा' म्हणून भिंतींवर जाहिराती असतात. त्या पुडीत काय असतं ते पुडी विकणाराही सांगत नाही. दारूशी रिअ‍ॅक्शन होणारं डायसल्फिराम हे औषध असेल आणि नकळत वर दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळून माणूस जाऊ शकतो.

आधी फिट किंवा डीटी होऊन गेलेल्या, दुसरा मोठा आजार असलेल्या किंवा घरी एकट्या राहणाऱ्या माणसाला दाखलच करावं. बाकी बऱ्याच जणांचं डॉक्टरांच्या रोजच्या तपासणीखाली घरीही होतं. व्यसनमुक्ती केंद्रात कुणाला साखळीने बांधलेलं दिसलं तर तिथून उठा; २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९५ ने त्याला मनाई आहे. केंद्र माहीत नसेल तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे. आणि फीबद्दल बोलण्याआधी एवढं विचारा: रात्री दोन वाजता फिट आली तर इथे कोण धावून येतं?