सागाची आनुवंशिकी व प्रजनन

इमारती लाकडासाठी लावल्या जाणाऱ्या सागाच्या (टेक्टोना ग्रँडिस; कुल लॅमिएसी) आनुवंशिक गुणांचा अभ्यास आणि त्यावर आधारलेली वृक्षसुधारणा. जुन्या ग्रंथांत साग व्हर्बिनेसी कुलात घातलेला आढळतो. टेक्टोना प्रजातीत तीन जाती असून उरलेल्या दोन म्यानमार व फिलिपीन्समधील आहेत. सागाची द्विगुणित (शरीरपेशींतील) गुणसूत्रसंख्या 36 आहे.

साग भारत, म्यानमार, थायलंड व लाओस येथे निसर्गतः वाढतो, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो जावातील सागाचा. तेथील विस्तीर्ण सागवने पाहून काहींनी तो मूळचाच मानला. हिंदू वसाहतकाळात तो भारतातून गेला असावा, असे इतरांचे मत. हे आगमन चौदाव्या ते सोळाव्या शतकांच्या दरम्यान झाले असावे असे पुष्कळदा म्हटले जाते, पण हा काळ अंदाजानेच घ्यावा लागतो. डीएनएतील सूक्ष्मउपग्रह खुणांवरून (डीएनएतील पुन्हापुन्हा येणाऱ्या आखूड क्रमांवरून) 2010 च्या सुमारास झालेल्या तुलनेत इंडोनेशियातील साग भारतीय सागापेक्षा लाओसकडील सागाला अधिक जवळचा दिसला. आफ्रिकेतील बहुतेक लागवडीचे मूळ मात्र भारतीय सागाशी जुळते. त्यामुळे जावात साग बाहेरून आला हे मत अधिक ग्राह्य वाटते. तो भारतातूनच गेला, हा भाग मात्र आता टिकत नाही. नैसर्गिक वनांपैकी भारतातील सागात आनुवंशिक विविधता सर्वाधिक असून पूर्वेकडे ती कमी होत जाते, असेही अशा अभ्यासांत आढळले आहे.

बी कोठले, यावर झाडाची ठेवण अवलंबून असते, हे वनाधिकाऱ्यांच्या लक्षात आधीच आले होते. एम. व्ही. लॉरी यांनी 1930 नंतरच्या दशकात भारतात निरनिराळ्या ठिकाणच्या बियांपासून वाढवलेल्या सागाची तुलना केली. पुढे 1970 नंतर डेन्मार्कच्या साहाय्याने अनेक देशांत अशा चाचण्या लावण्यात आल्या. कर्नाटकातील उशिरा पालवणारा ‘तेली’ साग सरळ खोडासाठी अभ्यासकांच्या विशेष आवडीचा आहे.

सागाच्या सुधारणेतील खरी अडचण त्याच्या फुलोऱ्यात आहे. शेंड्याच्या कळीचेच रूपांतर फुलोऱ्यात होते. मग वरची वाढ थांबते आणि खालच्या दोन कळ्या फुटून खोडाला दुबेळके फुटते. जे झाड लवकर फुलते त्याचे अखंड खोड आखूड राहते. म्हणजे इमारती लाकडासाठी उशिरा फुलणारे झाड हवे आणि बियांसाठी भरपूर फुलणारे! फुलोऱ्यात हजारो लहान पांढरी फुले असतात. प्रत्येक फूल एकच दिवस टिकते, परागण कीटकांमार्फत होते आणि स्वपरागणाने फळ क्वचितच धरते. त्यामुळे फुलांच्या मानाने फळे फारच थोडी लागतात. फळाचे कवच कठीण असल्याने बी आळीपाळीने भिजवून व वाळवून पेरतात; तरीही उगवण मंद व विषम असते.

भारतात या कामाची शास्त्रीय पायाभरणी डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत एस. केदारनाथ यांनी केली. जे. डी. मॅथ्यूज यांच्यासह 1962 मध्ये त्यांनी निवड व प्रजननाने साग सुधारण्याची योजना मांडली. जंगलातील सरळ, निरोगी, उंच खोडाचे झाड निवडायचे, त्याचे डोळे रोपांच्या खुंटांवर भरायचे आणि अशा कलमांचे बीजोद्यान (सुधारित बी मिळवण्यासाठीची बाग) उभारायचे, ही ती पद्धत. उद्याने उभी राहिली, पण बी अपेक्षेपेक्षा कमी मिळाले. निरनिराळ्या प्रदेशांतून आणलेली कलमे एकाच वेळी फुलत नाहीत, हे त्याचे एक मोठे कारण; अशा वेळी शेजारच्या झाडाचा पराग मिळतच नाही. थायलंडमध्ये लांपांग प्रांतातील ङाव येथे 1965 मध्ये सागसुधार केंद्र स्थापन झाले.

बियांची ही अडचण टाळण्यासाठी ऊतिसंवर्धनाकडे (झाडाच्या लहानशा भागापासून प्रयोगशाळेत रोपे वाढवण्याकडे) लक्ष गेले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ए. एफ. मस्करेन्हास व सहकाऱ्यांनी सागाची ऊतिसंवर्धित रोपे तयार करण्याची पद्धत 1980 मध्ये प्रसिद्ध केली. या क्षेत्रातील ते आरंभीचे काम होय. मात्र एकाच झाडापासून केलेली लाखो रोपे आनुवंशिकदृष्ट्या एकसारखी असतात. म्हणून लागवडीत अनेक वाण मिसळणे श्रेयस्कर ठरते.

कोईमतूरच्या वन आनुवंशिकी व वृक्ष प्रजनन संस्थेतील संशोधकांनी 2018 मध्ये सागाच्या जीनोमचा (संपूर्ण डीएनए-संचाचा) प्राथमिक आराखडा प्रसिद्ध केला. त्यातून मिळालेल्या सूक्ष्मउपग्रह खुणा नैसर्गिक सागवनांच्या संवर्धनासाठी उपयुक्त आहेत.