कृतज्ञतेचा आचार (बेळगाव सीमाभाग)

आपल्याला जे मिळाले त्यात दुसऱ्याचा वाटा किती हे ओळखून तो बोलून, देऊन किंवा राबून परत करण्याची रीत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतल्या मराठी घरांत ही रीत शब्दांपेक्षा कृतीत जास्त दिसते. घरातल्या माणसाला ‘धन्यवाद’ म्हटले तर परकेपणा वाटतो. वेळेला हात देणाऱ्याला ‘तू होतास म्हणून निभावलं बघ’ एवढेच म्हणतात आणि त्याच्या अडचणीला न बोलावता जाऊन उभे राहतात.

या आचाराचे सगळ्यांत ठळक रूप म्हणजे बेंदूर, बैलांचा सण. सीमाभागात तो दोनदा येतो: ज्येष्ठ पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर आणि आषाढातला महाराष्ट्रीय बेंदूर. गावागणिक, कधी घरागणिक, कोणता पाळायचा ते ठरलेले असते. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. सकाळी ओढ्यावर किंवा विहिरीवर त्याला घासून धुतात, शिंगे रंगवून गोंडे बांधतात. जुवाने घासून घट्टे पडलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात, आणि हे काम घरचा कर्ता माणूस सावकाश, हाताने करतो. पुरणपोळीचा पहिला घास बैलाचा, मग घरच्यांची पंगत. ज्या अवयवाने वर्षभर ओझे वाहिले नेमका तोच हाताखाली घेणे, यात ऋण मान्य करण्याची जी नेमकेपणाची शिस्त आहे ती कोणत्याही भाषणात नाही. ट्रॅक्टर आल्यापासून दावणी रिकाम्या झाल्या, तरी मातीचे बैल पुजून सण पाळणारी घरे पुष्कळ आहेत.

आश्विन पौर्णिमेची शीगी हुण्णवी हा सण मूळ कन्नड शेतकऱ्यांचा. पण दोन्ही भाषा बोलणाऱ्या गावांत मराठी घरेही त्यात असतात. उभे पीक गर्भार मानून त्याचे डोहाळे पुरवायचे, भाकरी, कडबू, भाज्या घेऊन सगळ्यांनी शेतात जायचे आणि जेवण्याआधी त्यातला भाग चारी बाजूंना शिंपडायचा. याला चरग म्हणतात. पाखरे, किडामुंगी, वाटसरू यांचाही पिकात वाटा आहे, हे इथे बोलून दाखवावे लागत नाही.

रोजच्या जगण्यातला भाग लहान पण चिवट आहे. शेजारणीकडून भाजी किंवा फराळ आला की तिचे भांडे रिकामे परत करत नाहीत. दुसरे काही नसेल तर चिमूटभर साखर किंवा मूठभर तांदूळ तरी घालून देतात. खानापूरच्या भातपट्ट्यात रोप लावणीला पैरा चालतो: आज तुमच्या शिवारात माझे हात, उद्या माझ्या शिवारात तुमचे. त्याचा हिशेब वहीत नसतो, पण विसरणाऱ्याला गाव विसरत नाही.

श्रद्धेच्या अंगाने पाहिले तर नवस आणि कृतज्ञता यांत फरक करायला हवा. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर किंवा चिंचलीच्या मायाक्काला नवस फेडायला जाणारा भाविक ठरलेला करार पुरा करतो. त्याच यात्रेत काहीच न मागता फक्त ओटी भरून येणाऱ्या बायाही असतात, आणि या नोंदीच्या विषयाशी त्यांचे नाते अधिक जवळचे आहे. वारकरी तर विठ्ठलाकडे मागण्यापेक्षा भेटीलाच जातो. मुसलमान शेजाऱ्याच्या तोंडी ‘अल्लाचा शुकर’ असतो. लिंगायतांच्या दासोहात आलेल्या प्रत्येकाला पंगत मिळते. हाताला जे आले ते आपले एकट्याचे नव्हे, ही त्यामागची धारणा.

कृतज्ञतेचा आरोग्यावर काय परिणाम होतो याचा शास्त्रीय अभ्यास मात्र अलीकडचा आणि परदेशातला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकाने दर आठवड्याला आभार मानावेत अशा गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घटना. १० आठवड्यांनंतर पहिल्या गटाला आयुष्य अधिक समाधानाचे वाटत होते आणि त्यांच्या शारीरिक तक्रारीही कमी होत्या. स्नायू-मज्जातंतूंच्या विकाराच्या रुग्णांनी २१ दिवस रोज अशी नोंद ठेवली तेव्हा त्यांना झोप बरी लागल्याचे दिसले. झोपेचा संबंध समजायला सोपा आहे: अंथरुणावर पडल्यावर डोक्यात काय घोळते त्यावर डोळा लागणे अवलंबून असते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील ४९,२७५ वयस्क परिचारिकांच्या पाहणीत कृतज्ञतेच्या प्रश्नावलीतले गुण सर्वांत जास्त असलेल्या गटात, सर्वांत कमी असलेल्या गटाच्या तुलनेत, पुढील सुमारे तीन वर्षांत मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांनी कमी आढळले. ही पाहणी संबंध दाखवते, कारण सिद्ध करत नाही. अनेक प्रयोग एकत्र तपासणाऱ्या २०२१ च्या आढाव्यात नैराश्य व चिंता यांवर अशा सरावाचा परिणाम अल्पच दिसला. म्हणून रक्तदाबाची गोळी किंवा मनोविकाराचे उपचार बंद करून वही लिहीत बसणे धोक्याचे. औषध चालू ठेवून रात्री दिवसातल्या दोन-तीन चांगल्या गोष्टी, त्या कोणामुळे झाल्या त्या माणसाच्या नावासह लिहिणे, हा बिनखर्चाचा आणि करून पाहण्यासारखा भाग आहे.

या आचाराचा गैरवापरही होतो आणि तो सांगितला पाहिजे. घरात राबणाऱ्या सुनेला किंवा सालगड्याला ‘उपकार मान’ म्हणून गप्प बसवणे ही कृतज्ञता नव्हे, ती सक्ती आहे. ऋण मानणारा माणूस हक्क सोडत नाही, याचा दाखला याच मातीत आहे. बेळगावचा समावेश तेव्हाच्या म्हैसूर राज्यात करण्याविरुद्ध झालेल्या आंदोलनात जीव गेलेल्यांचे स्मरण दरवर्षी १७ जानेवारीला होते. ते बळी १९५६ चे. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांना १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर अभिवादन करतात. हार घालणारे हात त्याच सभेत सीमाप्रश्न सुटावा अशी मागणीही मांडतात, आणि कन्नड शेजाऱ्याच्या घरचे कडबू आले तर ते भांडेही रिकामे परत जात नाही.