मृग की आंबिया: काटोल-नरखेडच्या संत्रा गावांची पार्श्वभूमी

भोसल्यांच्या काळात औरंगाबादेहून नागपुरात संत्रा आला, असं सांगतात. ही गोष्ट इथं शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण राजवाड्याच्या परसातलं झाड वावरात उतरलं ते रेल्वेमुळं. 1867 मध्ये नागपूरला गाडी आली, पुढं नागपूर जिल्ह्यातल्याच काटोल-नरखेडवरून इटारसीचा मार्ग झाला आणि टिकायला नाजूक असलेला हा माल लांबच्या बाजारात पोचू लागला.

गावाचा स्वभाव मात्र बहारानं, म्हणजे झाड फुलायच्या हंगामानं घडवला. आंब्याला मोहोर येतो त्याच सुमारास, जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो तो आंबिया. मृगाच्या पावसावर फुटतो तो मृग. बोलताना ‘मृग धरला’ म्हणतात, आणि घोळ तिथंच आहे. मृग धरायचा म्हणजे एप्रिल-मेमध्ये हात बांधून बसायचं. बागेचं पाणी तोडायचं, ताण द्यायचा, पानं वळून वाटीसारखी झाली तरी मोटर लावायची नाही. त्या दिवसांत पाहुणा आला तर चहाआधी विचारतो, ‘ताण बसला का?’ मग धुऱ्यावर, म्हणजे बांधावर जाऊन एक पान मुठीत दाबून पाहतो. जूनचा पाऊस वेळेवर आला की झाड पांढरंशुभ्र होतं. मधेच वळीव बरसला की ताण तुटतो, आणि फुलाऐवजी नुसती नवती, कोवळी पालवी निघते. वर्ष गेलं!

मृगाचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, गोड असतं, भाव बरा मिळतो. म्हणून मृग, असं लोक सांगतात. मला हे अर्धंच खरं वाटतं. आंबियाचं फळ उन्हाळाभर झाडावर असतं, त्याला मे महिन्यातही पाणी पाहिजे. ज्याच्या विहिरीला तेव्हा पाणी, तो आंबिया धरू शकतो. बाकीच्यांना मृगाची ‘आवड’ असते. शेजारच्या वरुडकडं बोअर शेकडो फूट खाली गेले, तालुका डार्क झोनमध्ये, म्हणजे भूजलाचा अति उपसा झालेल्या भागात गेला, तरी एकरी शे-सव्वाशे झाडांची नवी लागवड थांबली नाही. त्याच तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांतल्या कलमांना गिऱ्हाईक होतंच. याचा दोष एकट्या शेतकऱ्याला देणं सोपं आहे.

2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं गावात काय बदललं, ते मला तरी दिसलं नाही. आयात शुल्कानं बदललं ते दिसलं. बांगलादेश हा मोठा गिऱ्हाईक. तिथं 2019 मध्ये किलोला 20 टका असलेलं शुल्क 2023 मध्ये 88 वर गेलं. फटका बसला तो आंबियाला, कारण त्याची तोड ऐन नोव्हेंबर-डिसेंबरात. उभ्या बागेचा सौदा करून इसार दिलेला व्यापारी भाव पडला की फिरकत नाही. तोवर साल फोपशी होते, फळ गळू लागतं. आणि माल झाडावर आहे तोवर पाणी तोडता येत नाही, म्हणजे पुढच्या आंबियाचा ताणही हुकतो.