चेक परत गेल्याच्या दंडावर जीएसटी? अर्ज कुठे अडतो

इंदुरात रामबाग, लोकमान्य नगर भागातली मंडळी पासबुक घेऊन येतात आणि एकाच ओळीवर बोट ठेवतात: चेक परत, ५९० रुपये वजा. पाचशे दंड, नव्वद जीएसटी. यातले नव्वद आपण द्यायचेच नव्हेत, ते अर्ज करून परत मागता येतात.

अशा दंडावर कर लागतो का, हा वाद सर्व्हिस टॅक्सच्या काळापासूनचा. तो टॅक्स ३० जून २०१७ला संपला, पण वाद जीएसटीतही आला. दंड म्हणजे चेक परत जाणं ‘सहन करण्याचा मोबदला’, म्हणून ती सेवा, असा तो युक्तिवाद. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या ३ ऑगस्ट २०२२च्या परिपत्रक क्र. १७८ने तो निकालात काढला. चेक न वटल्याचा दंड व्यापाऱ्याने लावो की बँकेने, तो सेवेचा मोबदला नाही, त्यावर कर नाही. बिल उशिरा भरल्याचा अधिभार मात्र मूळ सेवेप्रमाणेच करपात्र आहे, हेही त्याच परिपत्रकात आहे. दोन्ही एकाच अर्जात घालू नका. नाकारायला आयतं निमित्त मिळतं.

अर्ज आधी शाखेत, साध्या कागदावर. पोच घ्याच. सोबत परतीचा मेमो (चेक परत गेल्याची बँकेची चिठ्ठी), खातेउतारा, परिपत्रकाची प्रत.

अडतं ते करपावतीवर. पासबुकात ५९० एकत्र दिसतात, कर किती ते लिहिलेलं नसतं, आणि शाखेतले ‘कर घेतल्याचा पुरावा आणा’ म्हणतात. पुरावा त्यांच्याच संगणकात! शुल्क आणि कर वेगळे दाखवणारा उतारा लेखी मागा. त्यात शुल्काचं नाव काय लिहिलंय तेही बघा. ‘दंड’ऐवजी ‘हाताळणी शुल्क’ असेल तर बँक त्याला सेवा म्हणणार. मग बँकेच्या दरपत्रकाची प्रत जोडून भांडावं लागतं.

दुसरी चूक तारखेची. बँकेने ग्राहकाला क्रेडिट नोट (घेतलेली रक्कम कमी केल्याचा कागद) देऊन कर कमी करायचा तर आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच. लोक ‘दोन वर्षं आहेत’ म्हणून निवांत बसतात. ती दोन वर्षं कर खात्याकडे परताव्याचा अर्ज करायची आहेत, शाखेकडे मागण्याची नव्हेत. मे २०२५मध्ये कर कापला असेल तर शाखेसाठी ३० नोव्हेंबर २०२६.

व्यापारी असाल आणि त्या कराचं इनपुट क्रेडिट (आपल्या देय जीएसटीतून वजावट) घेतलं असेल, तर परतावा मागू नका.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. तिथे पहिला प्रश्न शाखेच्या पोचेचाच येतो.