बातमी पाहून रडू आलं नाही, म्हणजे काळीज दगडाचं?

‘युद्धाचे फोटो पाहूनही ज्या कॉलेजच्या पोरांच्या डोळ्यांत पाणी येत नाही, त्यांची माणुसकी मेली,’ अशा अर्थाचा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतोही, कारण बॉम्बहल्ल्याचा व्हिडिओ अंगठ्याने वर सरकवून मेसच्या ताटाकडे वळणारी मुलं आपण पाहिलेली असतात.

दिसतं ते खरं, काढलेला निष्कर्ष चुकीचा. तेच दृश्य पुन्हा पुन्हा समोर आलं की मेंदूचा प्रतिसाद मंदावतो. रुळांशेजारी राहणाऱ्याला लोकल ऐकू येईनाशी होते, तसं. शिवाय आकडा वाढला म्हणून कळवळा त्या प्रमाणात वाढत नाही. लाखो उपाशी लोकांच्या आकडेवारीपेक्षा नाव-फोटो असलेल्या एकाच मुलीसाठी लोक जास्त पैसे देतात, असं प्रयोगांत आढळलंय. (टीव्हीसमोर जेवणारे आजोबाही यातून सुटत नाहीत.) त्यात आपल्या हातात काहीच नाही असं वाटलं, की मन अंग काढून घेतं.

पडताळून पाहा. दिवसभर रील बंद ठेवून त्याच युद्धातल्या एकाच कुटुंबाची सविस्तर बातमी सावकाश वाचा. बहुतेकदा आत काहीतरी हलतं. रूममेटला ताप आला तर रात्री पाण्याच्या पट्ट्या ठेवायला उठता ना, तेही बघा.

मात्र मित्र, आवडतं जेवण, क्रिकेट यांतलं कशातच मन लागत नसेल, झोप बिघडली असेल आणि असं दोनेक आठवडे चाललं असेल, तर तो बातम्यांचा परिणाम समजून सोडू नका. कॉलेजच्या समुपदेशकाशी बोला, किंवा १४४१६ ही मोफत सरकारी हेल्पलाइन आहे.